गोंडी शिकायची तर चांद्याला: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पेनमधल्या सालामांका शहरात जगभरातून विद्यार्थी स्पॅनिश शिकायला येतात. विद्यापीठ इ. स. १२१८ चे, शहर त्याहून जुने. सकाळी वर्गात क्रियापदे घोकायची, दुपारी दगडी गल्ल्या पालथ्या घालायच्या, सुटीच्या दिवशी आसपासची गावे गाठायची आणि संध्याकाळी चौकात बसून लोकांशी मोडकेतोडके बोलायचे, असा तिथला क्रम. पुण्या-मुंबईची मुलेही आता या वाटेने जातात. भाषा आणि गाव एकत्र शिकण्याची ही रीत चांगलीच आहे. पण तशीच एक जागा महाराष्ट्रातही आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

ती जागा म्हणजे चंद्रपूर, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘चांदा’. इथे गोंड राजांचे तटबंदीचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, जिवतीच्या डोंगरापासून भामरागडच्या जंगलापर्यंत, रोजच्या व्यवहारात गोंडी आणि माडिया बोलणारी गावे आहेत. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, वनरक्षक, अभ्यासक अशा अनेकांना या भाषेची गरज पडते. तरी ती शिकायचा विचार निघाला की काही ठरावीक समजुती आडव्या येतात.

गैरसमज १: चंद्रपूर म्हणजे वाघ आणि कोळसा. पाहण्यासारखे जुने शहर तिथे नाही.

वस्तुस्थिती: ताडोबा आणि खाणी आहेतच, पण शहराची ओळख त्याहून जुनी आहे. इरई आणि झरपट नद्यांच्या संगमाजवळ गोंड राजांनी वसवलेल्या या राजधानीला सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि त्यांच्या जोडीला लहान ‘खिडक्या’ आजही वापरात आहेत. जटपुरा दरवाजाखालून दिवसभर वाहने जातात. तिथे घटकाभर थांबून वर पाहिले, तर हत्तीवर स्वार झालेला सिंह दगडात कोरलेला दिसतो. ते चांद्याच्या गोंड राजांचे चिन्ह.

१७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्याआधीच्या काळात राणी हिराईने पती बीरशहाची समाधी बांधली. महाकालीचे मंदिरही तिच्याच नावाशी जोडलेले आहे. लालपेठेत रायप्पा वैश्याने घडवून घेतलेल्या अजस्र मूर्ती एका अपूर्ण देवळाच्या आशेने उघड्यावर पडून आहेत, त्यात दहा तोंडांची दुर्गा आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी उठाव करणारे बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली, ती जागाही याच शहरात.

परकोट झाडाझुडपांनी गिळला होता. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तो साफ करायला घेतला, म्हणून आज त्यावरून चालता येते. एक दिवस परकोटाला, एक बल्लारपूरच्या किल्ल्याला, एक भद्रावतीच्या विजासन लेण्यांना आणि एक वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळांना, एवढा आराखडा सुरुवातीला पुरतो.

गैरसमज २: चंद्रपूर स्टेशनवर उतरले की गोंडी कानावर पडते.

वस्तुस्थिती: शहरात ऐकू येते ती मराठी, हिंदी आणि थोडी तेलुगू. राजधानी गोंडांची असली तरी तिथली बोलचाल केव्हाच बदलली. देशभरही हेच चित्र आहे. २०११ च्या जनगणनेत २९,८४,४५३ लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तर गोंड समाजाची लोकसंख्या एक कोटीहून अधिक आहे. म्हणजे आडनाव आत्राम किंवा मडावी असले म्हणून समोरच्याला गोंडी येतेच असे नाही, आणि येत नसेल तर त्याला ते विचारून अवघडवूही नये.

शहर इतिहासासाठी, गावे भाषेसाठी, अशी वाटणी केली की निराशा होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती आणि राजुरा, गडचिरोलीत धानोरा, एटापल्ली, भामरागड हे तालुके कानांना सवय लावतात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, हिंदी, बंगाली आणि छत्तीसगढी अशा सात भाषा तिथे बोलल्या जातात.

गैरसमज ३: गोंडी ही मराठीचीच एक बोली आहे.

वस्तुस्थिती: या भागात मराठीची बोली आहे ती झाडीबोली. झाडीपट्टीची नाटके ज्या भाषेच्या मातीतून उगवली ती हीच. गोंडीचे कूळ वेगळे. ती द्राविड भाषा आहे आणि तेलुगूच्या जवळच्या शाखेत मोडते. हाताला ‘कय’, डोळ्याला ‘कन’, माशाला ‘मीन’, झाडाला ‘मरा’ हे शब्द तमिळ माणसाला ऐकताच ओळखीचे वाटतात, कारण त्याच्याकडे ते कै, कण्, मीन, मरम आहेत. रंड, मूंद, नालुंग हे दोन, तीन, चार तेलुगू शेजाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

आकडे शिकले की समाजरचनाही उलगडते. गोंडांच्या कुळांची मांडणी देवांच्या संख्येवर आहे: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. गोंडीत त्यांना नालवेन, सयवेन, सारवेन, येरवेन म्हणतात. एकाच संख्येच्या देवांत सोयरीक जुळत नाही. त्यामुळे पाहुण्याच्या ओळखीत ‘किती देवे?’ हा प्रश्न नावाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

गैरसमज ४: गोंडीला ना लिपी, ना व्याकरण.

वस्तुस्थिती: व्याकरण प्रत्येक बोलत्या भाषेला असते, ते कोणी लिहिले की नाही एवढाच प्रश्न. आंतोनियो दे नेब्रिहाने १४९२ मध्ये स्पॅनिशचे व्याकरण छापले, तेव्हा युरोपातल्या विद्वानांच्या लेखी व्याकरण म्हणजे लॅटिनचे. गोंडीचे व्याकरण आणि शब्दसंग्रह १८९० मध्ये विल्यमसन यांनी प्रसिद्ध केला. पुढे ट्रेंच यांनी, १९४२ मध्ये माडिया बोलीपुरते मिचेल यांनी आणि १९६८ मध्ये अण्णामलै विद्यापीठातून पी. एस. सुब्रह्मण्यम यांनी हे काम पुढे नेले.

लिपीचे म्हणाल तर एकापेक्षा अधिक आहेत. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी रचली. तेलंगणातल्या गुंजाला गावात दुसऱ्या लिपीतली जुनी हस्तलिखिते सापडली. मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. तरी महाराष्ट्रातल्या शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी नवी अक्षरे गिरवायची गरज नाही, इथे गोंडी देवनागरीतही लिहितात. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा मिळालेली नाही. एवढ्या मोठ्या समाजाच्या भाषेची ही उपेक्षा संपायला हवी.

गैरसमज ५: कूळच वेगळे, म्हणजे मराठी माणसाला ती स्पॅनिशहून अवघड जाणार.

वस्तुस्थिती: शब्द नवे असतात, पण वाक्याची चाल घरचीच. ‘नीवा पारोल बाताल?’ म्हणजे ‘तुझे नाव काय?’ शब्दाखाली शब्द ठेवावा तसे हे वाक्य बसते. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाला चिकटून, ट-ड-ण ओळखीचे. मराठीत प्रश्नाचे शब्द ‘क’ने सुरू होतात, गोंडीत ‘ब’ने: बोर म्हणजे कोण, बाताल म्हणजे काय, बगा म्हणजे कुठे. लिंगव्यवस्था तर सुटसुटीत आहे. मराठीत तीन लिंगे, स्पॅनिशमध्ये दोन आणि प्रत्येक वस्तूचे पाठ करावे लागते. गोंडीत ढोबळमानाने पुरुष एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक मराठी मूल न शिकवता पाळते. स्पॅनिशमध्ये दोन्हींसाठी ‘नोसोत्रोस’ हा एकच शब्द. हा भेद मूळचा द्राविड भाषांचा. तेलुगूत तो मेमु आणि मनमु असा दिसतो, आणि मराठीत तो त्या शेजारातून आला असे बरेच भाषाअभ्यासक मानतात.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा त्यासाठी जवळून पाहावी: ‘मावा नाटे माटे सरकार’. मावा म्हणजे आमच्या. नार म्हणजे गाव, आणि ‘गावात’ म्हणताना त्याचे नाटे होते. माटे म्हणजे आम्हीच. आमच्या गावात आम्हीच सरकार. या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, तो देशातल्या पहिल्या काही दाव्यांपैकी होता. चार शब्दांत सर्वनाम, सामान्यरूप आणि स्थळाचा प्रत्यय, आणि त्यांच्यामागे एका गावाचा लढा.

गैरसमज ६: जंगलातल्या गावी महिनाभर राहिले की भाषा आपोआप येते.

वस्तुस्थिती: नुसते राहून कान तयार होतो, जीभ नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवाप्रमाणे इंग्रजी भाषकाला कामापुरती स्पॅनिश यायला ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात, तमिळ किंवा तेलुगूला सुमारे १,१००. मराठी माणसाला गोंडीसाठी यातली बरीच सवलत मिळते, मेहनत मात्र सुटत नाही. वही, रोज नवे शब्द, आणि चूक दुरुस्त करणारे एखादे घर, एवढे लागतेच.

त्यात गोंडी सगळीकडे एकसारखी नाही. मिठाचेच उदाहरण घ्या. कुठे ‘सोवर’, कुठे ‘होवर’, आणि डोंगरी माडिया भागात ‘ओवर’. सुरुवातीचा ‘स’ प्रदेश बदलताना आधी ‘ह’ होतो आणि मग गळून पडतो. हे सूत्र कळले की पुढच्या गावचा आठवडी बाजार गोंधळात टाकत नाही. म्हणून एकच भाग निवडून तिथलीच बोली आधी पक्की करावी.

झाडे हा सगळ्यात सोपा धडा. बहाव्याला ‘रेला’ म्हणतात हे कळले की रेला नाचातला तो शब्द निराळाच ऐकू येतो. मोह वेचायला निघालेल्या बायकांबरोबर एक सकाळ गेली तर पानांची, फुलांची, टोपल्यांची नावे हातात वस्तू धरूनच शिकता येतात. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक गडचिरोलीतल्या बायकांचे झाडांशी असलेले मैत्र सांगते. ते आधी वाचून जावे.

गावी जाण्याचेही काही नियम आहेत. ओळखीच्या माणसामार्फत जावे, ग्रामसभेला किंवा गावप्रमुखांना हेतू सांगावा, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. गोटूल ही गावाची बैठकीची आणि संस्काराची जागा आहे, तिच्याविषयी ऐकीव कुतूहल घेऊन जाऊ नये. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, तेव्हा दिवाळीनंतरचे थंडीचे महिने बरे.

गैरसमज ७: बाहेरच्याने ही भाषा शिकून उपयोग काय?

वस्तुस्थिती: उपयोगाचे पुरावे या जंगलातच आहेत. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात चंद्रपूरच्या सीमेपलीकडे आदिलाबादच्या राजगोंडांत राहिले, गोंडी शिकले. १९४३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मार्लावाई गावात गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि मुलांसाठी गोंडीतली वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. ते आणि त्यांच्या पत्नी बेटी यांच्या समाध्या मार्लावाईतच आहेत.

अलीकडे, धानोरा तालुक्यातल्या मोहगाव इथे ग्रामसभेने २०१९ मध्ये मुलांना गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने आणलेल्या ‘आदि वाणी’ या भाषांतर ॲपमध्ये संताली, भिली, मुंडारी यांच्यासोबत गोंडीचा समावेश झाला. ॲप मदतीला असावेच, पण तापाने फणफणलेल्या लेकराच्या आईशी बोलताना डॉक्टरची नजर पडद्यावर नको.

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा आसपासच्या गावांत मराठी समजणारे जवळपास कोणी नव्हते. त्यांनी औषधोपचार करता करता माडिया आत्मसात केली, आणि १९७६ मध्ये तिथे शाळा उघडली. दुखण्यासाठी गोंडीत ‘नोय’ हा धातू आहे, तमिळमध्ये नोय् म्हणजे आजार. ‘बगा’ म्हणजे कुठे. भामरागड किंवा एटापल्लीच्या दवाखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेने वहीच्या पहिल्या पानावर हे दोन शब्द लिहावेत. पाड्यावरून चालत आलेली म्हातारी मग दुभाष्याची वाट न पाहता पोटावर हात ठेवते आणि तिच्याशीच बोलू लागते.