भाडं जूनमध्ये, मदत मात्र हजेरीनंतर

घरभाड्यासाठी सरकारी मदत म्हटली की आपल्याकडे आधी म्हाडाचं नाव निघतं. पण लातूर-नांदेड ज्याच्या हद्दीत येतात ते म्हाडाचं छत्रपती संभाजीनगर मंडळ सोडत काढून घरं विकतं, भाडेकरूच्या हातावर काही ठेवत नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा विचार आहे, तोही घरं उपलब्ध करण्यापुरता. या दोन शहरांत भाड्यासाठी थेट पैसे देणारी ओळखीची योजना आहे ती समाजकल्याण खात्याची. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. (आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीची स्वयं योजना आहे.) शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अकरावीपासून पुढच्या विद्यार्थ्याला स्वाधार लागू होते. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि विद्यार्थी जिथे शिकतो त्या शहराचा रहिवासी नको. लातूर आणि नांदेड दोन्हीकडे महापालिका असल्याने योजना सुरू झाली तेव्हा इथला दर वर्षाला 51,000 रुपये ठरला: जेवणाचे 28,000, निवासाचे 15,000 आणि निर्वाहाचे 8,000.

ही योजना चांगली आहे, मात्र तिचं वेळापत्रक चुकीचं आहे, असं माझं मत आहे. निवासाचे 15,000 दहा महिन्यांवर पसरले तर महिन्याला दीड हजार पडतात. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या आकर्षणाने लातूरला उदगीर-निलंग्यापासून पार परजिल्ह्यातून मुलं येतात. तिकडे नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासेसना मुखेड, देगलूर, किनवटची मुलं असतात. तिथली खोली ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे एका खाटेपुरती, घ्यायची तरी डिपॉझिट आणि पहिलं भाडं सत्राच्या तोंडावर, रोख द्यावं लागतं. मदत मात्र अर्ज, छाननी आणि हजेरीचा दाखला पार करून येते. हप्ता उशिरा पडतो, ही विद्यार्थी संघटनांची जुनी तक्रार आहे. मधल्या काळाचं भाडं कुणी द्यायचं? शेतमजुराच्या घरात याचं उत्तर उसनवारी किंवा सावकार हेच असतं. म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच ही मदत पेलते, आणि ज्याच्यासाठी ती काढली तो व्याज भरतो.

आधी पैसे दिले तर खोटे करारनामे दाखवून लोक ते लुबाडतील, हा आक्षेप रास्त आहे, तसं घडतंही. पण उशीर हा काही त्यावरचा उपाय नव्हे. खोटा करार जूनमध्ये खोटा असतो तसाच मार्चमध्येही खोटाच असतो. अमेरिकेत 1974 पासून चालत आलेल्या भाडे-मदतीत स्थानिक गृहनिर्माण संस्था आधी घर तपासते. भाडेकरू साधारण उत्पन्नाच्या तीस टक्के भरतो आणि उरलेली रक्कम संस्था थेट घरमालकाला देते. तिथेही पात्र कुटुंबांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला ही मदत मिळते, तेव्हा तिचा फार गाजावाजा नको. पण खोली तपासून पैसे थेट मालकाच्या खात्यात टाकण्याची रीत इथे उचलण्यासारखी आहे. पहिला हप्ता प्रवेशाबरोबर द्यावा, पुढचा हजेरी पाहून.

दुसरा आक्षेप असा की, हा पैसा वसतिगृहांवर खर्च करा. वसतिगृहं हवीतच. पण जागा, निविदा, बांधकाम यांत वर्षं जातात आणि अकरावी-बारावी दोन वर्षांत संपते. तोवर भाड्याच्या खोल्याच उरतात, आणि तिथे खरी अडचण घरमालकांची आहे. मदतीसाठी लागणारा भाडेकराराचा कागद म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, विद्यार्थ्याची नव्हे. तरी कागद नसल्याचा फटका विद्यार्थ्यालाच बसतो. समाजकल्याण कार्यालयाने महापालिकेच्या मदतीने नोंदणी केलेल्या खोल्यांची यादीच लावली, तर ही अडचण बरीचशी सुटेल.

तोवर पालकांनी एवढं करावं: आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा, कारण तिथे जागा मिळाली नाही हाच स्वाधारचा पाया आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं निकालाआधीच तयार ठेवा. आणि खोली ठरवताना भाड्याच्या आधी कराराचं विचारा.