भूल दिलेल्या बिबट्याच्या उशाशी कोण असतं?

जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राच्या बातम्यांत डॉक्टर दिसतात. शेजारी गुडघ्यावर बसलेले सहायक आणि प्राणीपाल फार कमी दिसतात. ही पोस्ट त्यांच्या कामाबद्दल.

जखमी बिबट्या तपासायचा तर आधी भूल. आपल्याकडे त्यासाठी बहुतेकदा केटामाइन आणि झायलाझिन एकत्र देतात. केटामाइनमुळे बिबट्याचे डोळे उघडेच राहतात, म्हणून सहायक आधी डोळ्यांत मलम घालतो आणि वर कापड बांधतो. मग दर काही मिनिटांनी श्वास मोजायचे, हिरड्यांचा रंग बघायचा, तापमान घ्यायचं. उन्हाळ्यात ते भराभर चढतं. लगेच पंजे आणि पोट ओलं करावं लागतं. काम संपलं की योहिम्बिन देऊन झायलाझिन उतरवतात. केटामाइनवर मात्र असा उतारा नाही, ते आपोआपच ओसरतं. योहिम्बिन घाईने दिलं तर जनावर ताठरतं, झटके येऊ शकतात. नेमकी वेळ साधायला या नोंदीच कामी येतात. मला यातली खरी कसबी माणसं हीच वाटतात!

ऊसतोडणीत फडात बछडे सापडतात तेव्हाही हेच हात राबतात: गोचिड काढणं, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवणं आणि अंधार पडायच्या आत बछडे त्याच जागी खोक्यात ठेवणं. बहुतेकदा आई रात्रीच येऊन त्यांना घेऊन जाते.

तुम्हाला बछडे दिसले तर उचलू नका, गर्दी करू नका. वनविभागाला १९२६ वर कळवा.