छाप पाहून घेणे

माझी आई जेमतेम मराठी तिसरी शिकलेली. इंग्रजी अक्षर तिला ओळखू येत नसे. तरी गिरगावातल्या आमच्या चाळीखालच्या वाण्याकडे मला पिटाळताना ती न चुकता बजावी, "डालड्याचा डबा आण, आणि झाड बघून घे हो!" झाड म्हणजे त्या पिवळ्या डब्यावरचे हिरवे ताडाचे झाड. झाड असले की माल खरा; नसले तर वाणी कितीही गोड बोलो, डबा परत.

वनस्पती तूप हा शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारला नाही. डालडाच म्हणावयाचे. हे नाव कोठून आले ते मला फार उशिरा कळले. हॉलंडमधल्या 'दादा' नावाच्या कंपनीकडून पूर्वी हे तूप इकडे येत असे. 1937 साली लिव्हर कंपनीने ते येथेच काढावयास घेतले, तेव्हा 'दादा'च्या पोटात आपला एक 'ल' घातला आणि दादाचा डालडा झाला! तूप संपले तरी डबा संपत नसे. एका डब्यात तुळस, दुसऱ्यात मीठ, आणि तिसरा सकाळी रांगेत कोठे जात असे हे चाळीत राहिलेल्या वाचकांना सांगावयास नको.

पुढे माझ्या ध्यानात आले की, ही चित्रे वाचता न येणाऱ्यांसाठीच होती. दांडेकरांची शाईची पूड 1931 साली निघाली ती घोडा छाप म्हणून. पुढे त्या घोड्याचा उंट झाला आणि आम्हां शाळकरी पोरांना उंट म्हणजेच शाई असे वाटू लागले. झाड, घोडा, उंट ही सगळी जनावरे-झाडोरा म्हणजे कारखानदाराने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द होता. 'हे मी केले आहे, बिघडले तर मला विचार,' असा त्याचा अर्थ.

आणि आपण मंडळी इतकी भाबडी, की एकदा शब्द दिला म्हणजे त्या नावाला घरातलेच करून टाकतो. 1959 साली सर्फ आले आणि कपडे धुण्याची प्रत्येक पूड सर्फ झाली. कागदाची नक्कल काढणे म्हणजे झेरॉक्स काढणे. बिसलेरी हे एका इटालियन गृहस्थाचे आडनाव. पण कोणत्याही स्टेशनावर आपण "एक बिसलेरी द्या" म्हणतो आणि पोरगा निर्धास्तपणे भलत्याच नावाची बाटली हातात ठेवतो. आपणही ती निर्धास्तपणे पितो. आईने झाड बघितले असते!

आता माझे वय अडुसष्ट. बिऱ्हाड ठाण्याला. चिरंजीव बंगलोरला. जाताना त्याने माझ्या फोनमध्ये बाजार भरून दिला. कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी त्या धापा टाकणाऱ्या मुलाला पाणी विचारले, तर तो म्हणाला, "काका, पाणी नको, पाच स्टार द्या." आमच्या वाण्याने चाळीस वर्षांत कधी माझ्याकडे तारे मागितले नव्हते. तो उधारीची वही पुढे सरकवी आणि "मुलाचा ताप उतरला का?" असे विचारी. ताप आहे हे त्याला कसे कळले? तर त्या आठवड्यात आमच्याकडे साबुदाणा जास्त गेला होता म्हणून!

तसे पाहिले तर फोनमधल्या दुकानालाही सगळे कळते. फरक इतकाच, की वाण्याला कळले ते तो विचारी, आणि याला कळले की हा विकतो. मी एकदा कुकरची रबरी रिंग मागवली. त्यानंतर महिनाभर, वर्तमानपत्र वाचू लागलो की बातम्यांच्या मधून रिंगा डोकावत. एका कुकरला माणूस किती रिंगा लावील?

शिवाय घाई! "फक्त दोनच उरले!" असे दुकान ओरडते. आमच्या सौभाग्यवतीने आठ दिवस रोज पाहिले. रोज दोनच उरलेले. एकदा सामानाच्या यादीत न मागितलेली पाच रुपयांची देणगी आपोआप येऊन बसली. एकदा "नको" म्हणावयास गेलो तर बटणावर लिहिलेले, "नको, मला बचत करावयाची नाही." बचत न करणारा माणूस म्हणून माझ्याच हाताने सही! या कुरापती माझ्याच वाट्याला आल्या असे मला वाटे. परंतु केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच प्रसिद्ध करून त्यांना मनाई केली, आणि खोटी घाई, चोरून घुसडलेली वस्तू व गिऱ्हाइकाला लाजवणे ही तिन्ही त्या यादीत आहेत. कोणीतरी बसून आपल्या फजितीची वर्गवारी केली आहे, हे वाचून मला फार बरे वाटले.

सौ. मात्र या बाजारावर प्रथमपासून डोळा ठेवून होती. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. पुढे आमच्या इमारतीतल्या बायकांनी तिचा संघ काढला, त्यात ही हिशेबनीस. महिन्याचे धान्य एकदम यावयाचे आणि पाळीपाळीने एकेकाच्या दिवाणखान्यात वाटप व्हावयाचे. त्या दिवशी मला माझ्याच घरात बसावयास जागा नसे. पोत्यांच्या मधून ही वजने बघत असे आणि शेजारीण हिची वजने बघत असे. कोणाचा कोणावर अविश्वास नव्हता. पण बघावयाचे, हा नियम.

एवढे सगळे ऐकवून झाल्यावर आता मुद्द्याचे सांगतो. ते सांगावयास मला एक वर्ष लागले.

गेल्या दिवाळीच्या आधी पणत्यांचा एक संच मागवला होता. आला तो फुटलेला. किंमत 349 रुपये. ही म्हणाली, "राहू द्या हो, कुंभारवाड्यातून आणू." पण माझ्यातला ग्राहक जागा झाला होता. कंपनीचा नंबर हवा म्हणून मी फोनवर शोधले. सगळ्यात वर नंबर आला, शेजारी कंपनीची छाप, अगदी तिच्या रंगात. मी फोन लावला. आधी सनई वाजली. मग एका मुलाने इतक्या अदबीने "नमस्कार सर" म्हटले की माझा निम्मा राग तेथेच विरला. त्याने माझी तक्रार लिहून घेतली, क्षमा मागितली, दिवाळीच्या शुभेच्छाही दिल्या. मग म्हणाला, "रिफंड आत्ताच देतो. पैसे पाठवायचे ॲप उघडा. तुम्हांला एक कोड सांगतो, तो टाका, मग आपला पिन टाका."

कोड होता 11840. मी टाकला. कोठे टाकला? तर रकमेच्या रकान्यात! माझे सारे लक्ष 'रिफंड' या शब्दाकडे होते. तो म्हणाला, "सर, अडकलं आहे, पुन्हा एकदा करू." मी पुन्हा एकदा केले. सनई पुन्हा वाजली आणि फोन बंद झाला. 349 रुपये परत मिळवण्यासाठी मी 23680 रुपये देऊन बसलो होतो.

ज्याने एकोणचाळीस वर्षे कचेरीत दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली, त्याची ही गोष्ट. मी काय केले असेल? काही नाही. उठलो, पाणी प्यालो आणि सौ.ला म्हणालो, "आज कंदील आपण जुनाच लावू." रात्रभर छताकडे पाहत पडलो. पैशांपेक्षा एकच गोष्ट छळत होती : आता मुलगा माझ्या फोनमधला बाजार काढून घेईल, आणि बँकेचे काम सुनेकडे जाईल. म्हातारपण कोणत्या दिवशी येते ते मला त्या रात्री कळले. माणूस आपली चूक लपवू लागतो, त्या दिवशी येते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चकल्या तळता तळता ही म्हणाली, "किती गेले?"

मी म्हटले, "काय किती गेले?"

"अहो, काल दुपारपासून तुम्ही फोन पालथा घालून ठेवला आहे. किती गेले तेवढं सांगा."

मी आकडा सांगितला. तिने गॅस बंद केला. बोलली काहीच नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या बँकेत काम करणाऱ्या मुलीला हाक मारली. त्या मुलीने पहिला प्रश्न केला, "काका, 1930 ला फोन केलात?" मला तो नंबर म्हणजे सालच वाटले! अशा चोऱ्यांसाठी सरकारने ठेवलेला तो नंबर. तेथे तक्रार नोंदली की, पैसे ज्या खात्यात गेले ते खाते गाठून उरलेली रक्कम रोखण्याची खटपट सुरू होते. परंतु चोर एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पैसे हलवतो, आणि त्याला ते हलवावयास मिनिटे पुरतात. मी त्याला उदार मनाने सव्वीस तास दिले होते. तरी 6000 रुपये कोठेतरी अडकलेले सापडले आणि काही महिन्यांनी परत आले. बाकीचे माझ्या मौनाची किंमत.

त्या रात्री हिने कपाटाच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली एक वाटी काढली. "ही बोहारणीकडून घेतली होती," ती म्हणाली. "माझी लग्नातली जरीची साडी देऊन. चांदीची म्हणून. आठ दिवसांत आतून पितळ दिसायला लागलं. एकतीस वर्षं झाली, कोणाला सांगितलं नाही." आम्ही दोघे त्या वाटीकडे बघत राहिलो, आणि मग ती हसू लागली तेव्हा मलाही हसू आले. पुढे म्हणाली, "फसलात याचा मला राग नाही हो. एकटे बसलात याचा आहे."

मी नंतर पुष्कळ विचार केला. माझी आई फसली नाही आणि मी का फसलो? छाप तर मीही पाहिली होती! पण आईच्या वेळी झाड डब्याला चिकटलेले असे, डबा वाण्याच्या फळीवर असे, आणि वाणी दुसऱ्या दिवशीही तेथेच बसलेला असे. छापेच्या मागे एक माणूस सापडत असे. आताची छाप सुटी झाली आहे. रंग, सनई, अदब, सारे कोणालाही उचलून आणता येते. छाप खरी की खोटी यापेक्षा ती कोठे चिकटली आहे, हे पाहावयास हवे.

आमच्या कपाटावर आता हिच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे. पहिली ओळ : पैसे घेताना पिन लागत नाही, देतानाच लागतो. दुसरी ओळ : कंपनीचा नंबर बिलावरून किंवा तिच्या ॲपमधूनच घेणे, शोधून नाही. तिसरी ओळ : चुकल्यास ताबडतोब 1930 आणि बँक. चौथी ओळ खास माझ्यासाठी आहे : 'मला सांगणे.' फोनमधला बाजार मुलाने काढून घेतला नाही. कोथिंबीर अजून दहा मिनिटांतच येते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही आता पैसे मिळाल्याची घोषणा करणारा डबा बोलतो. तो बोलला की वाणी मान वर करून गिऱ्हाइकाचे तोंड पाहतो. तेवढे मला पुरते.

परवाची गोष्ट. यंदाच्या फराळाची तयारी चालू होती आणि अनोळखी नंबरावरून फोन आला. "आई, मी बोलतोय. माझा फोन पाण्यात पडला, मित्राच्या फोनवरून करतोय." आवाज चिरंजिवांचाच होता. पण हल्ली म्हणे आवाजाचीही नक्कल निघते. हिने पिठाचे हात पुसले आणि शांतपणे विचारले, "तुझ्या मुंजीत मातृभोजनाला तू का रडला होतास?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग मुलगा ओरडला, "अगं आई, काहीतरीच काय! श्रीखंड वाढलं आणि मला आइस्क्रीम हवं होतं म्हणून!"

हिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "झाड बरोबर आहे."