पडवीतली गाणी

ठाणे, मुंब्रा, कौसा, कल्याण इथल्या मुस्लिम घरांत ‘गाव कोणतं?’ असं विचारलं, की बऱ्याचदा समुद्राकाठचं नाव कानी पडतं. मुरुड, श्रीवर्धन, हर्णे, दाभोळ. हल्ली शनिवार-रविवारी सगळी मुंबई गाड्या काढून तिथं फिरायला जाते. आमच्यासाठी मात्र ते मे महिन्याचं घर होतं.

आमच्या मरहूम दादी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं श्रीवर्धनला जायच्या. बोट किनाऱ्याला लागत नसे. मचव्यात उतरायचं आणि मग काठ गाठायचा. पावसाळ्यात सगळं बंद. आमच्या वाट्याला एसटी आली. माणगाव गेलं, म्हसळा गेलं, की सुपारीच्या वाड्या दिसू लागत आणि खारा वारा अंगावर येई. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा, हे आम्हाला शाळेच्या पुस्तकाआधी दादींनीच सांगितलं.

लग्नं मे महिन्यातच व्हायची. हळदीच्या रात्री पडवीत चटया अंथरल्या जात, मधोमध एक ढोलकी आणि दोन वयस्क खाला. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. बोली कोकणी, म्हणजे मराठीचीच बहीण, अरबी-फारसी शब्दांचं मीठ घातलेली. निम्मी गाणी विहिणीची टर उडवणारी. उरलेल्यांत जहाजावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणं असे, कारण इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, सारंग म्हणून बाहेर, आणि नंतर कुवेत-दुबईला. बाई बोलून दाखवू शकत नव्हती ते गाण्यात चालून जाई.

बाहेर मांडवात पुरुषमंडळी टेपवर यूसुफ आझाद, शकीला बानो भोपाली, अझीझ नाझां ऐकत. त्या कव्वाल्या आजही मोबाईलवर एका बोटावर सापडतात. आमच्या पडवीतलं एकही गाणं सापडत नाही. (लग्नातल्या गाण्याबद्दल घराघरांत मतं वेगळी आहेत, तो वाद इथं नको. शब्द लिहून ठेवायला तरी कुणाची हरकत नसावी.)

आता लग्न कल्याण-मुंब्र्याच्या हॉलमध्ये होतं आणि अकराला हॉल रिकामा करून द्यावा लागतो. रात्र जागवणारं गाणं तिथं बसणार कुठं?

गावचं घरही डळमळीत आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमची वाडी आडवी झाली, अर्धी कौलं उडाली. नवी सुपारी लावली तरी फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. हिस्सेदार सहा, एक कुवेतला. पर्यटकांसाठी खोल्या बांधणारा एक खरेदीदार दारात उभा आहे आणि या ईदला निर्णय व्हायचा आहे. आमचं मत आम्ही सांगून टाकलं आहे: खोल्या खुशाल भाड्यानं द्या, घर विकू नका, पडवीला हात लावू नका. दोन भाऊ राजी आहेत, बाकीच्यांना पैशांची गरज आहे, आणि ती गरज खोटी नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सातवीच्या मुलांना एक अभ्यास दिला: दादी-नानीकडून एक जुनं गाणं ऐकून लिहून आणा, देवनागरीत किंवा उर्दूत. अकरा गाणी आली. उर्दूत लिहिणारी मुलं ‘ळ’पाशी अडली, कारण त्या लिपीत हे अक्षरच नाही. कुणी ‘ल’ लिहिला, कुणी ‘ड़’, एकानं सरळ जागा मोकळी सोडली. काही शब्दांचा अर्थ वर्गात कुणालाच येईना, आम्हालाही नाही. मग ते शब्द फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते पुन्हा घरी नेले.

एका मुलीचं गाणं अर्धंच होतं. नानीला पुढचं आठवेना. म्हसळ्याच्या धाकट्या बहिणीला सगळं पाठ आहे, असं तिनं सांगितलं. ती बहीणही आता ऐंशीच्या घरात आहे. दिव्याहून सकाळी सुटणारी कोकणची गाडी माणगावला थांबते, पुढं म्हसळ्याला एसटी मिळते. परीक्षा संपली की ती मुलगी आईबरोबर निघणार आहे. वही तिनं आत्ताच मागून घेतली.