उस्तादाची मश्क, आपली सही

रमजान ईदला आमच्या घरातली मुले शुभेच्छापत्रे स्वतः करतात. यंदा नववीतल्या भाचीचे कार्ड सर्वांत देखणे होते. निळ्या हिजाबातली मुलगी आणि तिच्या हिजाबाचाच पुढे समुद्र झालेला. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केले. तेवढ्यात तिच्या भावाने मोबाइल उघडून मूळ चित्र सर्वांपुढे धरले. पोरीचा चेहरा उतरला. पुढचे पंधरा दिवस तिने रंगपेटीला हात लावला नाही. "मला स्वतःचं काही येतच नाही, खाला," एवढेच म्हणाली.

मूळ चित्र हातेम अली यांचे. इजिप्तमध्ये जन्मलेले हे चित्रकार आता कॅनडात राहतात. ऑलिम्पिक पदकविजेत्या तलवारबाज इब्तिहाज मुहम्मद यांनी एस. के. अली यांच्यासोबत लिहिलेल्या 'द प्राउडेस्ट ब्ल्यू' (२०१९) या पुस्तकाची चित्रे त्यांनी काढली आहेत. थोरली बहीण पहिल्यांदा हिजाब घालून शाळेत जाते आणि धाकटीला त्या निळ्या रंगात आकाश नि समुद्र दिसतो, अशी ती गोष्ट.

भाचीचे चुकले का? उतरवून काढले, यात काहीच चूक नाही. आपल्याकडे खत्तातीची सारी तालीम त्यावरच उभी आहे. शागीर्द उस्तादाची अक्षरे पुन्हा पुन्हा गिरवतो. त्याला मश्क म्हणतात. हात तयार झाला की उस्ताद इजाजत देतो आणि मग शागीर्द आपल्या कामाखाली स्वतःची सही करतो. मश्क लपवायची नसते, पण तिच्यावर आपली सहीही करायची नसते. दुसऱ्याची कल्पना ही आपल्याकडे अमानत असते. भाचीने कार्डामागे चित्रकाराचे नाव लिहिले असते, तर मोबाइल दाखवण्यासारखे काही उरलेच नसते.

पण मश्कीतून स्वतःची शैली कशी निघते? मी तिला भज्जू श्याम यांची गोष्ट सांगितली. ते मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार. भोपाळमध्ये काका जनगढसिंह श्याम यांच्या चित्रांत बारीक भरणी करण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला ते लंडनला गेले. तिथे पाहिलेले त्यांनी 'द लंडन जंगल बुक' (२००४) मध्ये रेखाटले. बिग बेनचे घड्याळ त्यांच्या चित्रात कोंबड्याशी एकरूप झाले, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडाच. भुयारी रेल्वे गांडूळ झाली. हात काकांकडे घडला, पण लंडन पाहिले ते पाटणगढच्या डोळ्यांनी. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग आम्ही दोघींनी एक नेम केला. एकाच चित्रकाराच्या मागे लागले की त्याचीच छाया पडते, म्हणून तिघे निवडले: हातेम अली, भज्जू श्याम आणि आपल्या माधुरी पुरंदरे. पुरंदरे मुलांसाठी लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात. प्रत्येकाची चित्रे समोर ठेवून वहीत नोंदी केल्या. रेष जाड की बारीक? रंग किती? कागद कुठे मोकळा सोडला आहे? राग, आनंद चेहऱ्यावर दाखवला की उभे राहण्याच्या ढबीत? नोंदी झाल्या की पुस्तक मिटायचे आणि घरातलीच एखादी गोष्ट काढायची. पुस्तक मिटणे हीच यातली अवघड पायरी. पहिली दहा-बारा चित्रे फसली. एकात तर मांजराचा बकरा झाला!

बकरी ईदच्या कार्डावर तिने नानीला काढले. आमची अम्मी नमाजाची पांढरी ओढणी दोरीवर वाळत घालते आहे आणि वाऱ्याने फुगलेली ती ओढणी मागच्या खाडीतल्या होडीचे शीड झाली आहे. नाक जरा वाकडे आले होते, पण पाहणाऱ्या प्रत्येकाने अम्मीला ओळखले. मागे बारीक अक्षरात लिहिले होते, 'हातेम अली यांच्या चित्रावरून सुचले'. आणि त्याखाली, पहिल्यांदाच, तिची स्वतःची सही.

आपल्या घरातही एखादे मूल चित्र उतरवत बसलेले असेल. त्याला चारचौघांत 'नक्कल केलीस' म्हणू नका. जवळ बसून विचारा, "यातलं तुला काय आवडलं? ते आपल्या घरात कुठे दिसतं?"