उपस्थात्याचा अनुराग आणि औषधालयातील विश्वास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञान, दक्षता व शौच यांच्या बरोबरीने अनुरागाची गणना केली आहे. पहिले तीन गुण शिक्षणाने व सरावाने येतात. अनुराग मात्र आज्ञा देऊन निर्माण होत नाही. त्याच अध्यायात वैद्याला प्रधान मानले आहे, कारण जाणणारा, आज्ञा करणारा व योजना करणारा तोच असतो. तेव्हा साहाय्यकाच्या मनात आपुलकी व विश्वास नांदतो की नाही, याचे उत्तरदायित्वही प्रथम त्याच्याकडेच येते.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात वा औषधालयात बहुधा दोन-तीनच माणसे काम करतात. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी उसळते, आणि औषध घेऊन खेड्याकडे परतलेला रुग्ण पुन्हा केव्हा येईल याचा नेम नसतो. अशा वेळी आरोग्यवर्धिनीऐवजी श्वासकुठार रसाची पुडी बांधली गेली, अशी कल्पना करू. दोन्हींत कज्जली असल्याने गोळ्या काळसर दिसतात. परंतु श्वासकुठारात वत्सनाभ आहे, आरोग्यवर्धिनीत नाही. चूक घटकाभराने साहाय्यकाच्या ध्यानात आली, तर तो ती तत्काळ सांगेल काय? मागच्या खेपेस काढ्याची बाटली फुटली तेव्हा रुग्णांदेखत त्याचा पाणउतारा झाला असेल, तर तो बहुधा गप्प राहील. त्या मौनाचे मोल रुग्णाला द्यावे लागेल.

या संदर्भात अमेरिकेतील संशोधिका एमी एडमंडसन यांचा 1996 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. रुग्णालयांच्या निरनिराळ्या विभागांत औषध देताना होणाऱ्या चुका त्यांनी तपासल्या. ज्या विभागांत प्रमुख परिचारिकेशी मोकळेपणाने बोलता येत होते, तेथे चुकांची नोंद अधिक आढळली. तेथे चुका लपविल्या जात नव्हत्या, हे त्याचे कारण त्यांनी मांडले. आपल्या औषधालयात एकही चूक कानी येत नसेल, तर ते भूषण की भीतीचे लक्षण, हे प्रत्येक चालकाने तपासून पाहावे.

विश्वासाचा आरंभ वरिष्ठाने करावयाचा असतो. 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्याचे काम दिले. ज्यांच्याकडे जग संशयाने पाहत होते, त्यांच्या हाती वसाहतीची राखण सोपविली. विश्वास कृतीतून दाखविण्याचे याहून बोलके उदाहरण विरळा.

आपल्या व्यवसायात ही कृती साध्या गोष्टींतून होऊ शकते. तोंडी सूचना दिल्यावर साहाय्यकाकडून ती पुन्हा म्हणवून घ्यावी. अक्षर लागले नाही तर विचारण्याची मोकळीक द्यावी, आणि विचारल्यावर कपाळाला आठी घालू नये. वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक यांचे कल्प स्वतंत्र कप्प्यात ठेवावेत. एकाने पुडी बांधावी, दुसऱ्याने पडताळावी. चूक कळताच आधी रुग्णाशी संपर्क साधावा, मग कारण शोधावे, आणि समज द्यावयाची ती एकांतात द्यावी. मात्र हेतुपुरस्सर केलेली भेसळ वा हिशेबातील लबाडी यांना ही सवलत नाही. सौम्य वाणी व शिथिल शिस्त या भिन्न गोष्टी आहेत, हे सर्वांना आरंभीच स्पष्ट असावे.

आयुर्वेदीय औषधांच्या संशयित दुष्परिणामांची नोंद व्हावी म्हणून 2008 साली राष्ट्रीय पातळीवर औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. अशा कार्यक्रमाचे यश कागदी नमुन्यांवर अवलंबून नसते. पुडी देणाऱ्या माणसाने पाहिलेली गोष्ट निर्भयपणे वैद्याच्या कानावर घातली, तरच ती पुढे पोहोचते. रोगी निदानासाठी आपली व्यथा मोकळेपणाने सांगेल, अशी आपण अपेक्षा करतो. तीच मोकळीक उपस्थात्यालाही लाभावी, अशी आमची वैद्यबंधुभगिनींना व औषधालयचालकांना नम्र विनंती आहे.