रुग्णाचा अनुभव आणि वांशिक पार्श्वभूमी : इंग्लंडमधील पाहण्या काय सांगतात
ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच तेथील लोकांच्या तोंडी असलेली ‘एनएचएस’, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा रुग्णाच्या खिशाकडे न पाहता त्याच्या गरजेप्रमाणे उपचार करायचे, हे तिचे मूलतत्त्व ठरले. या सेवेत डॉक्टरला तपासणीचे पैसे द्यावे लागत नाहीत, त्यामुळे श्रीमंत-गरीब, गोरे-काळे, जुने रहिवासी आणि नवे स्थलांतरित या सर्वांना सारखीच वागणूक मिळत असेल, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र रुग्णांनाच विचारले असता वेगळे चित्र दिसते.

इंग्लंडमध्ये २००७पासून नियमितपणे एक राष्ट्रीय रुग्ण-पाहणी घेतली जाते. तेथे जवळपास प्रत्येक नागरिकाचे नाव एखाद्या स्थानिक दवाखान्यात नोंदलेले असते आणि तेथील सामान्य डॉक्टर, ज्याला ‘जीपी’ म्हणतात, हाच त्याचा आरोग्यसेवेतील पहिला दुवा असतो. वेळ मिळणे सोपे गेले का, डॉक्टरने नीट ऐकून घेतले का, निर्णयात रुग्णाला सहभागी करून घेतले का, असे प्रश्न या पाहणीत असतात आणि त्यांच्या जोडीला उत्तर देणाऱ्याचे वय, लिंग व वांशिक गट यांचीही नोंद होते. वांशिक गट येथे सरकार ठरवत नाही. व्यक्ती स्वतःला ज्या समूहाची मानते, तोच तिचा गट धरला जातो. एकूण अनुभव चांगला असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०२१मध्ये सुमारे ८३ टक्के होते, ते २०२२मध्ये सुमारे ७२ टक्क्यांवर आले. परंतु ही सरासरी उंच असो वा खाली, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि चिनी वंशाच्या रुग्णांचे समाधान गोऱ्या ब्रिटिश रुग्णांपेक्षा कमी असल्याचे या पाहणीतून वर्षानुवर्षे दिसत आले आहे.

या तफावतीचा अर्थ लावताना संशोधकांपुढे दोन शक्यता होत्या. आशियाई रुग्णांना खरोखरच उणी सेवा मिळते, ही पहिली; आणि सेवा सारखीच असूनही त्यांच्या अपेक्षा वेगळ्या असल्याने ते हात राखून गुण देतात, ही दुसरी. दुसरी शक्यता यंत्रणेला सोयीची होती, कारण ती मान्य केली की सुधारणेची जबाबदारीच उरत नाही. तिची कसोटी घेण्यासाठी पाकिस्तानी वंशाच्या आणि गोऱ्या ब्रिटिश अशा हजाराहून अधिक प्रौढांना डॉक्टर-रुग्ण संवादाच्या अभिनीत चित्रफिती दाखवून गुण देण्यास सांगण्यात आले. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तोच संवाद पाहून पाकिस्तानी वंशाच्या लोकांनी गोऱ्यांपेक्षा बरेच अधिक गुण दिले. हात राखून गुण देण्याचा तर्क त्यामुळे कोसळला, आणि प्रत्यक्ष अनुभवातील दरी आकड्यांत दिसते त्याहूनही मोठी असावी, असा निष्कर्ष पुढे आला.

मग ही दरी निर्माण कोठे होते? २००९च्या पाहणीतील वीस लाखांहून अधिक उत्तरांच्या विश्लेषणातून असे दिसले की दक्षिण आशियाई रुग्णांच्या असमाधानाचा सुमारे निम्मा भाग ते ज्या दवाखान्यांत जातात त्यांच्याशी निगडित आहे. ज्यांची सेवा सर्वच रुग्णांना कमी दर्जाची वाटते, अशा दवाखान्यांत त्यांची संख्या अधिक असते. वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१मध्येच मांडले होते की जेथे आजार अधिक तेथे चांगली सेवा कमी, आणि त्यांच्या या सिद्धान्ताची येथे आठवण होते. उरलेला फरक मात्र एकाच दवाखान्याच्या आत, एकाच छताखाली पडतो आणि तो वयस्क आशियाई स्त्रियांच्या बाबतीत विशेष ठळक आहे. इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी विनामूल्य दुभाषी पुरवणे अपेक्षित असले, तरी दुभाष्याऐवजी मुलगा किंवा सून मध्ये बसून बोलू लागली की मासिक पाळी, नैराश्य किंवा घरातील छळ यांविषयी अनेकदा बोललेच जात नाही.

दातांच्या उपचारांची व्यवस्था आणखी निराळी आहे. तेथे १९५०च्या दशकाच्या आरंभापासून शुल्क आहे, मुले आणि गर्भवती स्त्रिया यांसारख्या काही गटांनाच सूट आहे, आणि जीपीकडे असते तशी कायमची नावनोंदणी नाही. २००६च्या करारानुसार दंतवैद्याला वर्षाचे सरकारी काम ठरवून दिले जाते, त्यामुळे ते भरत आले की नव्या रुग्णाला दारातूनच परतावे लागते. दंतसेवेविषयीही प्रश्न विचारणाऱ्या त्याच राष्ट्रीय रुग्ण-पाहणीत एनएचएसच्या दंतवैद्याकडे वेळ मिळवण्यात आशियाई आणि कृष्णवर्णीय रुग्णांना गोऱ्यांपेक्षा कमी यश येते. वेळ मिळणारच नाही असे गृहीत धरून जे प्रयत्नच करत नाहीत, ते तर यश-अपयशाच्या या हिशेबात येतच नाहीत. बांगलादेशी समाजातील काही लोकांत पान-तंबाखू खाण्याची सवय रुजलेली असल्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तोंडातील पांढरा चट्टा वेळीच ओळखणारी व्यक्ती बहुधा दंतवैद्यच असते, म्हणून तेथली हुकलेली भेट जिवावर बेतू शकते.

या आकडेवारीची एक मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, पण तेथील मराठी माणूस या पाहणीत गुजराती, पंजाबी आणि तमिळ माणसांबरोबर ‘भारतीय’ या एकाच रकान्यात मोजला जातो. डॉक्टरी किंवा संगणकाच्या व्यवसायात असलेला तरुण आणि त्याच्याकडे राहायला आलेली, इंग्रजी न बोलणारी त्याची आई यांचे अनुभव एकाच सरासरीत मिसळतात, आणि गट एकूण समाधानी दिसला तरी त्यातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीची अडचण झाकलेलीच राहते.

तरीही विचारण्याचे मोल कमी होत नाही. रुग्णाने सांगितलेला अनुभव ही केवळ तक्रार नसून सेवेच्या दर्जाचा पुरावा आहे, हे इंग्लंडमधील अभ्यासांनी सिद्ध केले आहे. दुबळ्या दवाखान्यांना अधिक मनुष्यबळ आणि निधी देणे, प्रशिक्षित दुभाषी प्रत्यक्ष उपलब्ध करणे आणि दंतसेवेची दारे उघडी ठेवणे हे उपाय पूर्णपणे सरकारच्या हातात आहेत. उपचार सर्वांना विनामूल्य देणे ही समतेची पहिली पायरी आहे. प्रत्येक रुग्णाचे म्हणणे सारख्याच आदराने ऐकले जाईल, तेव्हाच ती समता पूर्ण होईल.